स्लंप अचानक का वाढला?

प्रश्न : फुलेवाडी येथे आमच्या घराचा एम 20 प्रतीच्या (28 दिवसांनी 20 मेगापास्कल ताकदीच्या) काँक्रीटचा स्लॅब जूनमध्ये टाकला. सकाळी शंकूने मोजलेला स्लंप (साचा उचलल्यावर ओले काँक्रीट किती खाली बसते ते माप) 80 मिमी होता. दुपारी ताडपत्रीखालची क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) संपून उघड्यावरच्या ढिगातली वापरू लागताच तो 140 मिमी झाला आणि इंजिनिअरांनी काम थांबवले. मिस्त्री म्हणतात, पाणी दर गोणीला तेवढेच घातले, शिवाय माल पातळ असला की सळ्यांत चांगला बसतो. कोणाचे बरोबर?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मिस्त्रींनी पाणी खरोखरच तेवढेच घातले असेल, तरीही काम थांबवण्याचा निर्णय योग्य होता, कारण जास्तीचे पाणी बहुधा बादलीतून नव्हे, तर वाळूतून आले. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकात मध्यम ओल्या वाळूच्या पृष्ठभागावरचे पाणी वजनाच्या सुमारे 5 टक्के धरले आहे. 50 किलोच्या एका गोणीमागे 75 किलो वाळू आणि 25 लिटर पाणी असा हिशेब असेल, तर अशा वाळूबरोबर पावणेचार लिटर पाणी न मोजताच मिक्सरमध्ये पडते आणि पाणी-सिमेंट गुणोत्तर (जे वाढले की काँक्रीटची ताकद घटते) 0.50 वरून जवळजवळ 0.58 होते; याच मानकाने सौम्य परिस्थितीतील आरसीसीसाठीही 0.55 ही कमाल मर्यादा घातली आहे. म्हणून पावसाळ्यात मिक्सरमध्ये घालायचे पाणी तेवढे कमी केलेच पाहिजे. वाळू फर्म्याने (मापाच्या खोक्याने) मोजत असाल तर आणखी एक अडचण येते : ओली वाळू फुगते, त्यामुळे फर्मा भरलेला दिसला तरी त्यात वाळू कमीच असते.

शंकूची चाचणी ताकद मोजत नाही, हे मात्र लक्षात ठेवावे. 300 मिमी उंचीच्या साच्यात काँक्रीट थराथराने भरून, प्रत्येक थर सळईने 25 वेळा ठोसून, साचा सावकाश सरळ वर उचलल्यावर काँक्रीट किती खाली बसले, एवढेच ती सांगते. तिचा खरा उपयोग एका घाण्याची (मिक्सरमधून एका वेळी निघणाऱ्या मालाची) दुसऱ्याशी तुलना करण्यात आहे, आणि तुमच्या साइटवर तिने नेमके तेच काम चोख केले. साच्याखालचा काँक्रीटचा ढीग एका बाजूला घसरून पडला, तर मात्र तो आकडा न धरता चाचणी पुन्हा करावी.

माल सळ्यांत नीट बसला पाहिजे, ही मिस्त्रींची काळजी रास्त आहे. पोकळ्या राहिलेला स्लॅब मलाही नको आहे. परंतु दाट सळ्यांच्या स्लॅबलाही मानकाने 50 ते 100 मिमी स्लंप सांगितला आहे, आणि तेवढ्या मालात व्हायब्रेटर नीट फिरवला की तो व्यवस्थित बसतो. त्याहून प्रवाही माल हवाच असेल, तर पाणी न वाढवता इंजिनिअरांच्या सल्ल्याने प्लास्टिसायझर (माल प्रवाही करणारे रसायन) वापरावे.

दुपारचा काही माल स्लॅबमध्ये गेला असेल, तर त्या घाण्यांचे क्यूब (ताकद तपासण्यासाठीचे काँक्रीटचे ठोकळे) भरले होते का, ते आजच विचारा. भरले असल्यास त्यांचा 28 दिवसांचा निकाल सकाळच्या क्यूबपासून वेगळा मागून घ्या. दोन्हींची सरासरी स्वीकारू नका.