हलक्या पण ताकदवान गाडीला रोजच्या वापरासाठी कोणता क्लच लावावा?

गाडी 750 किलोची, ताकद मागच्या चाकांना, टर्बो इंजिनाचा टॉर्क 320 न्यूटन-मीटर, आणि ती रोज चालवायची आहे. विक्रेता सहा पकांचा (घासणाऱ्या सहा सुट्या तुकड्यांचा) सिरॅमिक क्लच घ्या म्हणतोय, तो घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. माझं स्पष्ट मत आहे, घेऊ नका. पूर्ण गोल ऑरगॅनिक लायनिंगची (तंतू आणि रेझिनच्या नेहमीच्या घासणाऱ्या थराची), मध्ये झटके शोषणारी डॅम्पर स्प्रिंग असलेली क्लच प्लेट घ्या आणि तिच्या जोडीला जास्त दाबाची प्रेशर प्लेट (क्लच प्लेट दाबून धरणारा भाग) बसवा.

क्लचला दोन कामं असतात. गाडी जागची उचलताना तो घसरत घसरत वेग जुळवतो आणि त्यात तापतो. एकदा पूर्ण बसला की इंजिनाचा सगळा टॉर्क त्याने न घसरता पुढे द्यायचा असतो. गाडी हलकी असल्याचा फायदा पहिल्या कामात भरपूर होतो, दुसऱ्यात अजिबात नाही. बहुतेकांची गल्लत इथेच होते.

आधी उष्णतेचं बघू. सपाट रस्त्यावर इंजिनाचे आरपीएम स्थिर ठेवून गाडी उचलली, तर क्लच पूर्ण बसेपर्यंत गाडीला जितकी गतिज ऊर्जा मिळते, जवळपास तितकीच उष्णता क्लचमध्ये निर्माण होते. ताशी 20 किलोमीटरला क्लच बसला असं धरलं, तर 750 किलोच्या गाडीत ती सुमारे साडेअकरा किलोज्यूल भरते. 1,500 किलोच्या गाडीत बरोबर दुप्पट. सिरॅमिकचा मोठा गुण म्हणजे उष्णता सोसणं, आणि तुमच्याकडे मुळात उष्णताच निम्मी आहे. मग त्याचे धक्के रोज कशासाठी खायचे?

आता टॉर्क. क्लच किती टॉर्क धरेल हे चार गोष्टींवर ठरतं : घासणारे पृष्ठभाग किती, घर्षणांक किती, प्रेशर प्लेटचा दाब किती आणि लायनिंगची सरासरी त्रिज्या किती. चौघांचा गुणाकार करायचा. 228 मिलिमीटरच्या प्लेटची सरासरी त्रिज्या साधारण 94 मिलिमीटर धरा, ऑरगॅनिकचा घर्षणांक 0.3 आणि पृष्ठभाग दोन. 5,000 न्यूटन दाबाला उत्तर येतं 282 न्यूटन-मीटर, म्हणजे तुमच्या इंजिनाला अपुरं. 7,000 न्यूटनला ते 395 होतं, म्हणजे 320 वर सुमारे 23 टक्के राखीव. रस्त्यावरच्या गाडीला एवढं पुरे. ऑरगॅनिक तापल्यावर थोडं ढिलं पडतं, म्हणून ही राखीव जागा हवीच; पण दुपटीचा क्लच घेऊन काहीही साधत नाही.

आणखी एक हिशोब करून बघा. पहिल्या गिअरचं एकूण गुणोत्तर 14 (इंजिनाचे 14 फेरे झाले की चाकाचा एक) आणि चाकाची त्रिज्या 30 सेंटिमीटर धरली, तर मागच्या टायरांची पकड क्लचजवळच्या जेमतेम शंभरेक न्यूटन-मीटरलाच सुटते. म्हणजे पहिल्या गिअरमध्ये आधी टायर घसरतील, क्लच नाही. पूर्ण 320 चा भार क्लचवर खऱ्या अर्थाने येतो तो चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये, टर्बो भरात असताना. तिथे धक्का सोसणारा क्लच नको, घट्ट दाबून धरणारा हवा.

सिरॅमिक पक असलेली हलकी गाडी मी गर्दीत चालवली आहे. पेडल सोडताना बोटभर अंतरात सगळं होतं. आधी काहीच नाही, मग गाडी उड्या मारते. हाफ क्लच नावाचा प्रकारच उरत नाही. जड गाडीचं वजन हा झटका थोडा तरी पचवतं. हलक्या गाडीत तो थेट मानेला लागतो. फ्लायव्हीलमध्ये (इंजिनाला जोडलेल्या जड चाकात) साठलेली ऊर्जा अशा झटक्यात एकदम सुटली, की शाफ्ट आणि डिफरन्शियलवर (दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरवर) इंजिनाच्या टॉर्कपेक्षाही जास्त ताण क्षणभर येतो. ऑरगॅनिक प्लेटमध्ये दोन लायनिंगच्या मधे पातळ लहरदार स्प्रिंग-पत्रा असतो, तो दाब हळूहळू चढू देतो. प्लेट कडेने निरखून बघितलीत तर ती फट दिसते. सगळी नरमाई त्या फटीत आहे.

दाब वाढवल्याची किंमत पेडलवर मोजावी लागते, आणि पेडल दाबलेलं असताना तोच जोर क्रँकशाफ्टच्या थ्रस्ट बेअरिंगवर (इंजिनाच्या मुख्य दांड्याला मागे-पुढे सरकू न देणाऱ्या बेअरिंगवर) जातो. म्हणून सिग्नलला न्यूट्रल करा, पेडल दाबून बसू नका. पेडल फारच जड झालं तर लहान व्यासाच्या दोन प्लेटांचा क्लच हा उत्तम पर्याय आहे : पृष्ठभाग चार झाल्याने कमी दाबात काम भागतं, शिवाय फिरणारं वजन कमी झाल्याने गिअर झटकन पडतात. पण तो महाग असतो आणि न्यूट्रलमध्ये खडखडतो.

फ्लायव्हील थोडं हलकं करायला हरकत नाही, 750 किलो उचलायला फार साठा लागत नाही. मात्र फारच हलकं केलं तर आयडलिंग बिघडतं.

बसवताना फ्लायव्हीलचा पृष्ठभाग घासून घ्या, रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) आणि पायलट बेअरिंग (गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक धरणारं) नवीन टाका, क्रँकचं मागचं ऑइल सील पाझरत नाही ना ते बघा. लायनिंगला तेल लागलं तर कितीही महागाचा क्लच घसरणारच. पुढचे 500 ते 800 किलोमीटर थांबत-सुटत, बूस्टचा (टर्बोच्या जोराचा) मोह टाळून चालवा. त्यानंतर मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये 2,500 आरपीएमवरून पूर्ण थ्रॉटल द्या. आरपीएम आणि वेग हातात हात घालून चढले तर क्लच बरोबर बसलाय. आरपीएम एकटेच वर धावले तर लगेच पाय उचला आणि आधी पेडलचा फ्री प्ले (क्लच सुटायला लागण्याआधीची मोकळी चाल) तपासा.