'फ्लेमेबल' आणि 'इनफ्लेमेबल': टँकरवर एक, डब्यावर दुसरा

तुम्ही विचारलंय की थिनरच्या डब्यावर 'फ्लेमेबल' आणि पेट्रोलच्या टँकरवर 'हायली इनफ्लेमेबल' असतं, मग यातलं पेटणारं कोणतं? दोन्ही. अर्थात काडीचाही फरक नाही.

घोटाळा त्या 'इन'चा आहे. 'इनकम्प्लीट', 'इनव्हिजिबल' वाचून आपण 'इन' म्हणजे नकार असं धरून बसतो, जसा मराठीत 'अपूर्ण', 'अदृश्य'मधला 'अ'. पण हा 'इन' वेगळा आहे. लॅटिनमधल्या 'इनफ्लामारे', म्हणजे पेटवणे, या क्रियापदातून तो आला. 'ज्वलित'च्या आधी 'प्र' लावून आपण 'प्रज्वलित' म्हणतो, तेव्हा कुणाला ते विझलेलं वाटत नाही. तसंच हे.

खरं तर 'इनफ्लेमेबल' हाच जुना शब्द. 'फ्लेमेबल' एकोणिसाव्या शतकातला. विसाव्या शतकात अमेरिकेतल्या आणि ब्रिटनमधल्या सुरक्षा संस्थांनी तो मुद्दाम पुढे आणला, कारण 'इन' वाचून माणसं फसत होती.

मी औद्योगिक वसाहतीत रसायनांचं स्टोअर बरीच वर्षं सांभाळलं. एकदा नव्या मुलाने 'इनफ्लेमेबल' लिहिलेला टोल्युइनचा ड्रम वेल्डिंग चालू होतं तिथून चार हातांवर आणून ठेवला. विचारलं तर म्हणाला, "काका, न पेटणारं आहे ना हे?" चूक त्याची नव्हती, लेबलची होती. त्या दिवसापासून आमच्या प्रत्येक ड्रमवर मी मराठीत 'ज्वालाग्राही' लिहून घेतलं आणि खाली ठळक अक्षरांत 'लगेच पेट घेतो'. तुमच्याकडे लेबलं करायची असतील तर तेच करा. इंग्रजीत लिहायचं तर 'फ्लेमेबल' लिहा, आणि न पेटणाऱ्या मालावर 'नॉन-फ्लेमेबल'.

खरा फरक पाहायचा तर तो 'फ्लेमेबल' आणि 'कंबस्टिबल'मध्ये आहे. दोन्ही जळतात, पण 'फ्लेमेबल' लगेच पेटतं आणि 'कंबस्टिबल'ला आधी तापावं लागतं. फरक फ्लॅश पॉइंटचा, म्हणजे ज्या किमान तापमानाला वाफ ठिणगीने पेटू शकते त्याचा. पेट्रोलचा तो उणे 40 अंश सेल्सिअसच्या आसपास असतो, म्हणजे कडाक्याच्या थंडीतही त्याची वाफ ठिणगीची वाटच पाहत असते. डिझेलला त्यासाठी बरंच तापावं लागतं. आपल्याकडे पेट्रोलियमच्या नियमांत याच हिशोबाने वर्ग पाडलेत: 23 अंशांच्या खाली फ्लॅश पॉइंट असलेला माल 'अ' वर्गात.

एका जागी मात्र 'इनफ्लेमेबल'च शोभतो. तापट स्वभाव किंवा भडकण्याच्या बेतात असलेली परिस्थिती सांगताना इंग्रजीत तोच वापरतात, 'फ्लेमेबल' तिथे विचित्र वाटतो.