कॉलेज फुटबॉलच्या पहिल्याच सामन्यावरून संघाचा हंगाम कसा जाईल, हे ठरवता येते का?

आपल्या विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉलचा संघ हंगामातील पहिला सामना हरला, वसतिगृहातील मित्र ‘हंगाम संपला, प्रशिक्षकाला काढा’ असे म्हणत आहेत, आणि एका सामन्यावरून असा निकाल देता येतो का, येत असेल तर नेमके काय पाहावे, असा आपला प्रश्न आहे. देता येत नाही. इतक्या ठामपणे लिहिण्याचे कारण असे की, याच चुकीपायी मी २००७ मध्ये एक तिकीट वीस डॉलरला विकले आणि ते शल्य अजून गेलेले नाही.

मी तेव्हा अमेरिकेत ॲन आर्बर येथे मिशिगन विद्यापीठात एम.एस. करत होतो. आदल्या वर्षी संघाने सलग ११ सामने जिंकले होते, त्यामुळे चॅड हेनी, माइक हार्ट आणि जेक लाँग हे तिघेही प्रमुख खेळाडू शेवटच्या वर्षासाठी परतले म्हटल्यावर आम्ही विजेतेपद मनातल्या मनात घरी आणून ठेवले होते. क्रमवारीत संघ पाचवा होता. १ सप्टेंबरचा पहिला सामना ॲपलाचियन स्टेटशी, म्हणजे खालच्या विभागातील संघाशी होता. मोठी विद्यापीठे अशा संघांना पैसे देऊन मार खायला बोलावतात. यांना त्यासाठी ४ लाख डॉलर मिळणार होते. आपल्या विभागाचे ते सलग दोन वर्षांचे विजेते आहेत, याची चौकशी करण्याची गरज आमच्यापैकी कोणालाही वाटली नव्हती.

मध्यंतराला आम्ही २८-१७ असे मागे होतो. अखेरच्या काही मिनिटांत हार्टच्या ५४ यार्डांच्या धावेने ३२-३१ अशी आघाडी मिळाली, मग आमचा एक फील्ड गोल (चेंडू लाथाडून खांबांमधून पार करण्याचा, तीन गुणांचा प्रयत्न) अडवला गेला, २६ सेकंद उरले असताना त्यांनी ३४-३२ केले, आणि अगदी शेवटी ३७ यार्डांवरून आम्ही घेतलेला प्रयत्नही कोरी लिंचने अडवला. एक लाख नऊ हजारांहून अधिक माणसांनी भरलेले मैदान इतके गप्प झाले की, पाहुण्यांच्या मूठभर समर्थकांचा जल्लोष आमच्यापर्यंत स्वच्छ ऐकू येत होता. माझ्या पुढच्या रांगेत अंगाला निळा-पिवळा रंग फासलेला एक मुलगा होता. तो खाली बसला, बुटाची नाडी सोडून त्याने पुन्हा बांधली, आणि मग पुन्हा सोडली.

माझा रूममेट नागपूरचा. त्या रात्री खिचडी ढवळता ढवळता त्याने निकाल दिला, “प्रशिक्षक लॉइड कार संपला, संघ संपला, तिकिटे मिळेल त्या भावाला फुंकून टाक.” पुढच्या शनिवारी ओरेगन विद्यापीठाने आमच्याच मैदानावर ३९-७ असे झोडपले, तेव्हा मला त्याचे म्हणणे पटले, आणि १५ सप्टेंबरच्या, नोत्र दाम विद्यापीठाशी होणाऱ्या सामन्याचे तिकीट मी प्रयोगशाळेतील एका मुलाला वीस डॉलरला देऊन टाकले. तो सामना मिशिगनने ३८-० असा जिंकला. तिथून सलग आठ विजय मिळाले, आणि १ जानेवारी २००८ रोजी कॅपिटल वन बोल या हंगामोत्तर सामन्यात फ्लोरिडाला, म्हणजे आदल्या हंगामाच्या राष्ट्रीय विजेत्यांना, आम्ही ४१-३५ असे हरवले. निवृत्ती आधीच जाहीर केलेल्या कार यांना खेळाडूंनी खांद्यावर उचलले. मी ते दूरदर्शन संचावर पाहिले.

शितावरून भाताची परीक्षा होते, हे मला मान्य आहे, परंतु ते शीत भांड्यात वाफ धरण्यापूर्वी काढलेले नसावे. व्यावसायिक संघांना हंगामापूर्वी सराव सामने मिळतात. कॉलेजच्या संघांना ते नसतात, त्यामुळे दुसऱ्या संघाशी त्यांची पहिली गाठ थेट हंगामाच्या खऱ्या सामन्यातच पडते.

तरीही त्या पराभवाने एक गोष्ट खरी सांगितली होती, आणि ती आम्ही ऐकली नाही. संघ वाईट आहे, असे तो सामना सांगत नव्हता. मैदानभर खेळाडू पसरवून धावऱ्या क्वार्टरबॅकच्या, म्हणजे आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूच्या, पायांवर चालणारे आक्रमण आमच्या बचावाला झेपत नाही, एवढेच तो सांगत होता. ॲपलाचियन स्टेटचा क्वार्टरबॅक आर्मांटी एडवर्ड्सने जे केले, तेच आठवड्याने ओरेगनच्या डेनिस डिक्सनने केले. म्हणून आपला संघ कसा हरला आणि पुढचे किती प्रतिस्पर्धी तसेच खेळतात, एवढे पाहावे. नाहक ओढवलेले दंड, सुटलेले टॅकल (चेंडू घेऊन पळणाऱ्याला पाडणे), अडवल्या गेलेल्या किक यांवर सरावाने इलाज होतो. बचावपटूंचे पाय मात्र एका आठवड्यात वेगवान होत नाहीत.

पहिला सामना जिंकणाऱ्यांचा उन्माद तर मला अधिक हास्यास्पद वाटतो. २०१६ मध्ये टेक्ससने नोत्र दामला ५०-४७ असे हरवले आणि ‘टेक्सस परतले’ अशी द्वाही फिरली. टेक्ससचा हंगाम ५-७ असा (पाच विजय, सात पराभव) संपला आणि नोत्र दामचा ४-८ असा. उलट व्हर्जिनिया टेक २०१० मध्ये पहिले दोन्ही सामने हरले, त्यांतील दुसरा खालच्या विभागातील जेम्स मॅडिसनकडून, आणि मग सलग ११ सामने जिंकून आपल्या परिषदेचे, म्हणजे विद्यापीठांच्या गटाचे, विजेते झाले.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. २००८ मध्ये मिशिगन पहिला सामना यूटाकडून २५-२३ असा हरले आणि हंगाम ३-९ असा बुडाला. रूममेटचा हुकमाचा एक्का हाच आहे; आजही तो दर सप्टेंबरमध्ये व्हॉट्सॲपवर तो टाकतो. परंतु यूटा त्या वर्षी एकही सामना हरले नाही, आणि आमचा प्रशिक्षक बदललेला, हेनी-हार्ट-लाँग गेलेले, हे तर ऑगस्टमध्येच दिसत होते. त्यासाठी सामना पाहावा लागत नव्हता.

शिवाय नोत्र दामच्या सामन्याचे स्वतःचे तिकीट त्याने विकले नव्हते. संध्याकाळी घसा बसलेल्या अवस्थेत तो खोलीवर आला आणि ‘नोत्र दामच भिकार आहे’ असे मला घोगऱ्या आवाजात समजावू लागला. तेव्हा आपल्या वसतिगृहात ‘हंगाम संपला’ असे जो सर्वांत मोठ्याने म्हणत असेल, त्याला पुढच्या घरच्या सामन्याचे तिकीट वीस डॉलरला मागून पाहा.