मिशिगनकडून हरलेला ओहायो स्टेटचा संघ २०२४ च्या हंगामात राष्ट्रीय विजेता कसा ठरला?

आपण विचारले आहे की, ज्या संघाने नोव्हेंबरच्या शेवटच्या दिवशी आपल्याच मैदानावर एका साधारण संघाकडून हार पत्करली, तोच संघ पुढच्या सात-आठ आठवड्यांत अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉलचा राष्ट्रीय विजेता कसा झाला, आणि हा निव्वळ नशिबाचा भाग नव्हता का. माझे उत्तर असे की नशीब होते, पण ते स्पर्धेच्या नव्या रचनेत होते, मैदानावर फारसे नव्हते. मैदानावर जे बदलले ते तुलनेने साधे होते: या संघाने आपला सर्वांत चांगला खेळाडू वापरायला सुरुवात केली.

मी याच ओहायो स्टेट विद्यापीठात एमएस करण्यासाठी कोलंबसला आलो आणि नोकरी लागल्यावर इथेच राहिलो. हा खेळ मला उशिरा कळला, त्यामुळे मराठी वाचकाला तो कुठे अडतो हे मला ठाऊक आहे. चार प्रयत्नांत चेंडू दहा यार्ड पुढे नेला की पुन्हा चार प्रयत्न मिळतात. चेंडू शेवटच्या रेषेपार नेला तर सहा गुण (याला टचडाउन म्हणतात), आणि तिथवर पोहोचता आले नाही तर लांबून लाथ मारून खांबांच्या मधून घालवला तर तीन. चेंडू हातात धरून गर्दीतून पळायचे की क्वार्टरबॅकने, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूने, तो लांब फेकायचा, हा निर्णय प्रत्येक वेळी घ्यावा लागतो, आणि ओहायो स्टेटच्या त्या हंगामाची सगळी कथा या एका निर्णयाभोवती फिरते.

हंगामाच्या आरंभी अपेक्षा अवाजवी होत्या असे मी म्हणणार नाही. मुख्य प्रशिक्षक रायन डे यांचा संघ मिशिगन या कट्टर प्रतिस्पर्ध्याकडून सलग तीन वर्षे हरला होता, म्हणून त्यांनी आक्रमणाची सूत्रे चिप केली यांच्याकडे सोपवली, जे यूसीएलए या कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षकपद सोडून आले होते. कॅन्सस स्टेटहून क्वार्टरबॅक विल हॉवर्ड, ओल मिसहून क्विनशॉन जडकिन्स आणि अलाबामाहून केलेब डाउन्स आले. व्यावसायिक लीगमध्ये जाऊ शकणारे जॅक सॉयर, ट्रेव्हियन हेंडरसन, एमेका एग्बुका हे आणखी एक वर्ष थांबले. या खेळाडूंच्या कमाईचा आकडा सुमारे दोन कोटी डॉलर असल्याचे विद्यापीठाच्या क्रीडा संचालकांनीच सांगितले होते. त्यात फ्लोरिडाहून आलेला, पहिल्या वर्षाला असलेला चार नंबरचा जेरमाया स्मिथ, जो उंचावर आलेला चेंडू एका हाताने असा काढून घेई, जणू फळीवरचा डबाच उतरवतो आहे. पहिले पाच सामने एकतर्फी झाले आणि त्यांच्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही.

पहिला धक्का १२ ऑक्टोबरला ऑरेगॉनच्या मैदानावर बसला. ३२-३१ असा एका गुणाने पराभव झाला आणि शेवटची सहा सेकंदे अशी गेली की हॉवर्ड चेंडू घेऊन पळाला, घसरत खाली बसला, तोवर घड्याळ शून्यावर आले होते. त्याआधीच्या खेळीत ऑरेगॉनने अकराऐवजी बारा खेळाडू मैदानात उतरवले होते. त्याचा दंड फक्त पाच यार्ड, पण चार मौल्यवान सेकंदे निघून गेली. ही पळवाट त्याच आठवड्यात बंद करण्यात आली. लोक त्या चार सेकंदांविषयी आजही बोलतात, परंतु माझ्या मते त्या रात्रीचे खरे नुकसान वेगळेच होते. क्वार्टरबॅकच्या डाव्या अंगाचे रक्षण करणारा जॉश सिमन्स गुडघा दुखावून उर्वरित हंगामासाठी बाहेर गेला. या खेळात पुढच्या फळीतील पाच धिप्पाड खेळाडूंची नावे कोणाच्या लक्षात राहत नाहीत, पण त्यांतला एक गेला की फेकणाऱ्याला वेळ मिळत नाही आणि पळणाऱ्याला वाट मिळत नाही.

ते लगेच दिसले. नेब्रास्काविरुद्ध घरच्या मैदानावर २१-१७ असा जेमतेम विजय मिळाला. मग आतल्या जागेवर खेळणाऱ्या डॉनोव्हन जॅक्सनला सिमन्सच्या जागी हलवण्यात आले, पेन स्टेटला २०-१३ असे हरवले, आणि त्या सामन्याची शेवटची पाच मिनिटे ओहायो स्टेटने आपल्याच गोलरेषेजवळून सुरुवात करून चेंडू एकदाही न फेकता, नुसता पळवत पळवत संपवली. मी तेव्हा टाळ्या वाजवल्या. आता वाटते की त्या पाच मिनिटांनी प्रशिक्षकांच्या मनात एक चुकीचा विश्वास बसवला, की ही फळी कोणालाही मधून ढकलू शकते. पुढे नोव्हेंबरच्या उत्तरार्धात, तोवर अपराजित असलेल्या इंडियानाशी सामना होण्याच्या आठवड्यात, सरावात मधला खेळाडू सेथ मॅकलॉक्लिन टाचेची शीर तुटून बाहेर गेला. इंडियानाला ३८-१५ असे हरवल्यामुळे ही उणीव झाकली गेली.

आणि मग ३० नोव्हेंबर. मिशिगनने आदल्या वर्षी राष्ट्रीय विजेतेपद मिळवले होते, पण त्यांचा प्रशिक्षक आणि क्वार्टरबॅक दोघेही व्यावसायिक लीगमध्ये निघून गेले होते आणि त्या दिवशी त्यांची नोंद सहा विजय, पाच पराभव अशी होती. ओहायो स्टेट देशात दुसऱ्या क्रमांकावर. सट्टेबाजांच्या हिशेबाने अंतर सुमारे वीस गुणांचे होते. मला एका सहकाऱ्याची दोन तिकिटे मिळाली, आणि नाशिकहून आलेल्या बाबांना मी सोबत नेले. तापमान शून्याच्या खाली. बाबांनी माकडटोपी, तिच्यावर माझी लोकरी टोपी आणि अंगाभोवती घरातली चादर असा बंदोबस्त केला होता. १९२२ साली बांधलेले, घोड्याच्या नालासारखे ते प्रचंड स्टेडियम एक लाखाहून अधिक माणसांनी भरलेले पाहून ते म्हणाले, "कॉलेजच्या पोरांसाठी एवढी जत्रा?" वाद्यवृंदाने मैदानावर चालत चालत ओहायो हा शब्द लिहिला आणि त्यातल्या एका अक्षरावरचा टिंब देण्यासाठी तुतारीसारखे अवाढव्य वाद्य घेतलेला वादक ऐटीत पुढे आला, तेव्हा ते उभे राहिले होते.

सामना मात्र रखडत चालला. मिशिगनच्या संघाची एकच बाजू जगातल्या कोणालाही भारी होती, ती म्हणजे बचावफळीच्या मध्यभागी असलेले मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट हे दोन पहाड. ओहायो स्टेटच्या पाचांपैकी दोन मूळ खेळाडू जायबंदी, आणि तरीही आमचा संघ पुन्हा पुन्हा चेंडू त्याच दोन पहाडांच्या अंगावर पळवत राहिला. २६ वेळा पळून ७७ यार्ड, म्हणजे सरासरी तीन यार्ड. स्मिथने पूर्वार्धाच्या अखेरीस एक टचडाउन केला, त्याने १०-१० अशी बरोबरी झाली, आणि उत्तरार्धात त्याला जवळजवळ विसरून जाण्यात आले. हॉवर्डने दोन वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती दिला. जेडन फील्डिंगने चाळीस यार्डांच्या आतल्या दोन किका बाहेर मारल्या. तिसऱ्या सत्रात कधीतरी बाबांनी मला कोपराने ढोसले आणि विचारले, "तो चार नंबरचा पोरगा मघाशी बरा खेळला. त्याच्याकडे का देत नाहीत रे चेंडू?" मी त्यांना आक्रमणाचा समतोल, पळण्याने वेळ कसा खाल्ला जातो वगैरे बरेच समजावले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि थर्मासमधला चहा ओतला.

शेवटचे पाऊण मिनिट उरले असताना मिशिगनने २१ यार्डांवरून तीन गुण मिळवले. १३-१०. संपूर्ण उत्तरार्धात झालेले गुण हे तीनच. सामना संपल्यावर मिशिगनच्या खेळाडूंनी आपला झेंडा मैदानाच्या मध्यभागी रोवण्याचा प्रयत्न केला, हाणामारी झाली, पोलिसांनी मिरपुडीचा फवारा मारला. आम्ही वरच्या रांगेत होतो. तिथून ते फार लहान दिसत होते, आणि आमच्या भोवतीची माणसे काही न बोलता जिने उतरत होती. त्या आठवड्यात रायन डे यांना काढून टाका, याखेरीज शहरात दुसरा विषय नव्हता.

नशिबाची गोष्ट इथे येते. २०१४ ते २०२३ या काळात राष्ट्रीय विजेतेपदासाठी फक्त चार संघ निवडले जात आणि दोन पराभव झालेला एकही संघ त्या चारांत कधी आला नव्हता. जुनी पद्धत असती तर हा हंगाम १३-१० या आकड्यावरच संपला असता. २०२४ मध्ये प्रथमच बारा संघ घेण्यात आले आणि ओहायो स्टेटला आठवे मानांकन मिळाले. शिवाय मिशिगनकडून हरल्यामुळे बिग टेन गटाचा अंतिम सामना चुकला, त्यामुळे तीन आठवडे विश्रांती मिळाली. पहिल्या चार मानांकितांना थेट उपांत्यपूर्व फेरीत प्रवेश होता आणि गंमत अशी की ते चारही, ऑरेगॉन, जॉर्जिया, बॉयझी स्टेट आणि ॲरिझोना स्टेट, आपला पहिलाच सामना हरले. म्हणून संधी दैवाने दिली हे मला मान्य आहे.

पण त्या तीन आठवड्यांत जे ठरले त्याला मी दैव म्हणणार नाही. खेळाडू आणि प्रशिक्षक यांच्यात मनमोकळी, कडक बोलणी झाल्याचे पुष्कळ छापून आले. बंद दाराआडच्या भाषणांवर माझा फार भरवसा नाही. मी मैदानावर काय दिसले ते सांगतो. २१ डिसेंबरला टेनेसीविरुद्धच्या पहिल्याच चढाईत हॉवर्डने चेंडू स्मिथकडे लांब फेकला आणि ३७ यार्डांचा टचडाउन झाला. पहिल्या सत्राअखेर २१-०. मधून डोके आपटणे बंद, आधी लांब फेक, मग बचाव मागे सरकला की पळ. अंतिम गुणसंख्या ४२-१७. (मी त्या सामन्याला गेलो नव्हतो. पराभवाने इतका विटलो होतो की तिकीट काढलेच नाही, आणि माझ्यासारखे बरेच असावेत, कारण टीव्हीवर आमच्याच स्टेडियममध्ये टेनेसीच्या नारिंगी रंगाची मोठी गर्दी दिसत होती.)

१ जानेवारीला रोझ बोल या उपांत्यपूर्व सामन्यात समोर तोच ऑरेगॉन होता, तेरा सामन्यांत अपराजित. दुसऱ्या सत्रातच ओहायो स्टेट ३४-० ने पुढे गेले. स्मिथने १८७ यार्ड आणि दोन टचडाउन मिळवले, बचावफळीने ऑरेगॉनच्या क्वार्टरबॅकला आठ वेळा चेंडूसह खाली पाडले. ४१-२१. या सामन्यानंतर नशिबाचा मुद्दा माझ्यापुरता संपला होता.

टेक्सासविरुद्धचा उपांत्य सामना मला सर्वांत आवडतो, कारण त्यात स्मिथला दोन-दोन जणांनी घेरले आणि त्याच्या वाट्याला केवळ एक झेल, तीन यार्ड आले. तरीही त्याचा उपयोग झाला, कारण त्याच्याभोवती गुंतलेल्या बचावामुळे इतरांना मोकळी जागा राहिली. मध्यंतराआधी एक आखूड फेक घेऊन हेंडरसन ७५ यार्ड पळाला. सामना संपत आला असता टेक्सासला बरोबरीसाठी एक यार्ड हवा होता. त्यांनी मधून घुसण्याऐवजी बाजूने चेंडू दिला आणि सात यार्ड मागे ढकलले गेले. मग चौथ्या प्रयत्नात जॅक सॉयरने टेक्सासच्या क्वार्टरबॅकच्या हातातला चेंडू उडवला, तो स्वतःच उचलला आणि ८३ यार्ड पळत जाऊन टचडाउन केला. तो क्वार्टरबॅक, क्विन युवर्स, कधीकाळी ओहायो स्टेटमध्येच सॉयरच्या खोलीत राहत होता. सॉयर कोलंबसच्या शेजारच्या पिकरिंग्टन गावचा आहे. महिन्यापूर्वी मैदानाच्या मध्यभागी मिशिगनचा झेंडा काठीवरून ओरबाडून काढणारा तोच.

२० जानेवारी २०२५ ला अटलांटा येथे नॉत्र दामशी अंतिम सामना झाला. तेही सप्टेंबरमध्ये घरच्या मैदानावर नॉर्दर्न इलिनॉयसारख्या लहान संघाकडून १६-१४ ने हरले होते, त्यामुळे त्यांच्याविषयी मला थोडी आपुलकी होती. हॉवर्डच्या पहिल्या तेरा फेकी अचूक पोहोचल्या, गुणफलक ३१-७ झाला, आणि मग नॉत्र दाम ३१-२३ पर्यंत आले. तिसरा प्रयत्न, अकरा यार्डांची गरज, घड्याळात थोडीच मिनिटे. अशा वेळी बहुतेक प्रशिक्षक, आणि नोव्हेंबरचा ओहायो स्टेट तर नक्कीच, चेंडू पळवून वेळ काढतात. हॉवर्डने तो उंच, लांब, उजव्या बाजूला स्मिथकडे फेकला. ५६ यार्ड. मिशिगनविरुद्ध दोनदा चुकलेल्या फील्डिंगने त्यानंतर सव्वीस सेकंद उरले असताना ३३ यार्डांवरून किक मारली आणि ३४-२३ झाले. नाशिकला तेव्हा सकाळ झाली होती. मी फोन केला, तर बाबांचा पहिला प्रश्न होता, "चार नंबरला दिला का?"

मिशिगनचा पराभव त्याने पुसला गेला का, असे इथे कोणाला विचारू नका. १९३४ पासूनची प्रथा अशी की, मिशिगनला हरवणाऱ्या संघातल्या प्रत्येक खेळाडूला सोन्याची एक चिमुकली विजार मिळते. सॉयर चार वर्षे खेळला, राष्ट्रीय विजेता झाला, गावात त्याचे जंगी स्वागत झाले. ती विजार त्याच्याकडे एकही नाही.