प्लग बदलायचे तर पाना कुठला घ्यायचा?

प्रश्न : नमस्कार दादा, मी डिचोलीला असतो. घरी २०१४ ची स्विफ्ट पेट्रोल आहे. चवथीला सगळे गावच्या घरी जमतात तेव्हा गाडीची धावपळ भरपूर असते, म्हणून त्याच्या आधी स्पार्क प्लग बदलून घ्यायचेत आणि या वेळी ते घरीच करायचं मनात आहे. शेजारचे म्हणतात बाइकचा प्लग पाना आहे तोच चालेल, ऑनलाइन बघितलं तर शंभरेक पीसचे मोठे टूलबॉक्स दिसतात, आणि मित्र म्हणतो टॉर्क रेंच (किती जोराने आवळायचं ते ठरवता येतं असा पाना) नसेल तर हातच लावू नको. नक्की काय घेऊ?

उत्तर : मोठा बॉक्स घेऊ नका. त्यातल्या बऱ्याचशा गोट्यांना (सॉकेटना) तुमचा हात कधी लागणारच नाही, आणि प्लगसाठी लागते ती लांब गोटी नेमकी त्यात नसते किंवा असली तरी आत रबर नसतं. तुम्हाला मोजून चार-पाच वस्तू लागतील, त्या सुट्या आणि चांगल्या घ्या.

पण त्याच्याही आधी नवे प्लग घ्या. उलटं वाटेल, पण आधी प्लग आणि मग पाना. तुमच्या स्विफ्टच्या प्लगचा षटकोन १६ एमएमचा असतो, तरी नवा प्लग खिशात घालून हार्डवेअरवाल्याकडे जा आणि तिथेच काउंटरवर गोटीत घालून बघा. षटकोन पूर्ण आत गेला पाहिजे, हलवला तर खुळखुळता कामा नये, आणि वरचं पांढरं सिरॅमिक गोटीला कुठे टेकता कामा नये. काही नव्या गाड्यांना १४ एमएम लागतो, जुन्या गाड्यांना २१, त्यामुळे "सगळ्या गाड्यांना एकच" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

शेजाऱ्यांचा बाइकचा पाना म्हणाल तर गंमत अशी की माप बरेचदा तेच असतं, साध्या १०० सीसीच्या बाइकचा प्लगसुद्धा १६ चाच असतो. पण बाइकचा प्लग बाहेर उघडा दिसतो आणि तुमचा हेडमध्ये, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागात, खोल भोकात बसलाय. तो आखूड पाना खाली पोचणारच नाही, आणि ठोकून-वाकवून पोचवला तरी तिरका बसणार, आणि तिरक्या पान्याने जोर लावला की सिरॅमिकला केसाएवढी चीर जाते. ती वरून दिसत नाही, गाडी मात्र नंतर चढावावर मिसिंग करायला लागते.

तर गोटी सहा कोनांची, पातळ भिंतीची, आतून रबर किंवा चुंबक असलेली, आणि ३/८ इंची चौकोनाची घ्या. रबर-चुंबक का, तर सुटा झालेला प्लग त्या खोल भोकातून वर कसा आणणार? आणि नवा प्लग आत सोडताना तो वरून टाकायचा नसतो, पडला की गॅप (टोकाशी ठिणगी पडते ती फट) बंद होतो नाहीतर सिरॅमिक फुटतं. ऑफिसच्या टेबलावरून फरशीवर पडलेला नवा प्लगसुद्धा मी गाडीत घालत नाही. मला विचाराल तर चुंबकवाली बरी, कारण रबरवाली कधीकधी प्लगला इतकी घट्ट धरते की एक्स्टेन्शन वर येतं आणि गोटी खालीच राहते. रबरवालीच मिळाली तर गोटी आणि एक्स्टेन्शनच्या जोडावर वायरिंगची काळी टेप दोन वेढे मारून घ्या, काम झालं.

एक्स्टेन्शन बार ६ इंची, रॅचेट ३/८ चा, आणि कॉइलच्या (प्लगच्या डोक्यावर बसलेल्या, त्याला वीज देणाऱ्या भागाच्या) बोल्टला १० नंबरची गोटी. बस. फिरणारा जोड म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट लागतो तो इंजिनच्या मागच्या बाजूला प्लग लपलेल्या गाड्यांना, तुमचे सरळ वरून दिसतात.

आता टॉर्क रेंच. तुमच्या मित्राचं म्हणणं चूक नाही. हेड ॲल्युमिनियमचं असतं, प्लग लोखंडाचा, जास्त आवळलं तर आटे जातात ते प्लगचे नाही, हेडचे. प्लग साधी वस्तू आहे, हेडचे आटे गेले तर इन्सर्ट बसवायला टर्नरकडे जावं लागतं आणि कामाचे पैसे वेगळे. पण रेंच घ्यायचाच तर नीट बघून घ्या, कारण दुकानात चटकन हाती येतो तो अर्ध्या इंचाचा मोठा रेंच, व्हील नटसाठीचा, त्याची सुरुवातच ३०-४० न्यूटन मीटरपासून होते. आणि १४ एमएम आट्याच्या (हे आट्याचं माप, पान्याचं नव्हे) प्लगला ॲल्युमिनियम हेडमध्ये साधारण २५ ते ३० पुरतात. म्हणजे तो रेंच तुमच्या कामाच्या वर सुरू होतो! ३/८ चा, साधारण ५ ते ६० पर्यंत जाणारा क्लिक टाइप घ्या. १२ एमएम आट्याच्या बारीक प्लगला १५ ते २० च लागतात, आणि गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरायचा. टॉर्क रेंच फक्त आवळायला, जुना प्लग सोडवायला कधीच नाही. वापरून झाला की सेटिंग सगळ्यात खाली आणून ठेवायचं.

रेंच नाहीच मिळाला तर अडून बसू नका. वॉशरवाला नवा प्लग हाताने टेकेपर्यंत फिरवायचा आणि मग पान्याने अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा. वॉशर चेपताना हाताला मऊ लागतं आणि मग एकदम घट्ट होतं, तिथे थांबायचं. तोच जुना प्लग साफ करून परत बसवत असाल तर वॉशर आधीच चेपलेला असतो, मग फेऱ्याचा बारावा हिस्सा पुरे. आणि आट्यांना ग्रीस-ऑइल काही लावू नका, बऱ्याच कंपन्यांच्या प्लगवर मुलामा असतोच, वरून ग्रीस लावलं की तोच आकडा दाखवत असताना प्रत्यक्षात जास्त आवळलं जातं.

एक वस्तू कुणी यादीत सांगत नाही, ती म्हणजे हवा. डिचोली-सांखळीकडे तांबडी धूळ किती ते तुम्हाला मी काय सांगायचं. कॉइल वर काढली की टॉर्च मारून भोकात बघा, प्लगभोवती तांबडा गाळ बसलेला असतो, झाडाखाली गाडी लावत असाल तर त्यात सुकलेला पालासुद्धा. प्लग तसाच काढला तर तो सगळा सिलिंडरमध्ये. म्हणून कॉइल काढून, चष्मा घालून, आधी फुंकून घ्या, सायकलचा पंप आणि प्लास्टिकची बारीक नळी असली तरी चालतं, मग प्लग एक फेरा सैल करा आणि पुन्हा फुंका, मगच बाहेर काढा.

इंजिन पूर्ण थंड पाहिजे, सकाळी करा. कॉइलच्या कनेक्टरची कुडी (लॉक) दहा वर्षांत कडक झालेली असते, स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, अंगठ्याने दाबून कनेक्टर आधी आत ढकला आणि मग ओढा. एका वेळी एकच प्लग काढायचा. नवा घालताना रॅचेट बाजूला ठेवा, गोटी आणि एक्स्टेन्शन नुसत्या बोटांत धरून आधी उलटं फिरवा, आटा आट्यात उतरतो तेव्हा बोटांना 'टक' लागतं, तिथून सुलटं. चार-पाच फेरे बोटांनीच गेले पाहिजेत. अडलं तर जोर नाही, बाहेर काढून पुन्हा.

इरिडियम धातूच्या टोकाचे प्लग घेतलेत तर गॅप मोजायच्या भानगडीत पडू नका, टोक इतकं नाजूक असतं की नाण्यासारख्या गेजने तेच तुटतं. साध्या निकेलच्या प्लगला फीलर गेजची पाती घालून बघायला हरकत नाही.

प्रश्न : माझी मारुती ८०० आहे, अजून रोज फोंड्याला नेतो. मलाही हेच सगळं घ्यावं लागेल का?

उत्तर : नाही. तुमचे प्लग समोर दिसतात, वायरी ओढल्या की झालं (वायर बुटाला धरून ओढा, मधेच नाही, आणि एकेक करून काढा म्हणजे अदलाबदल होणार नाही). तुमचं माप २१, हार्डवेअरच्या दुकानात आडवी सळई घालून फिरवायचा नळीचा प्लग पाना मिळतो तो पुरतो. पाना सरळ धरायची काळजी तेवढी घ्या.

प्रश्न : वास्कोला समुद्राजवळ राहतो. दोन प्लग निघाले, तिसरा हलतच नाही. लांब पाइप लावून जोर लावू का?

उत्तर : पाइप लावू नका. खाऱ्या हवेत आणि पावसाचं पाणी झिरपलं की प्लगचा वरचा भाग गंजतो. गंज सोडवणारा स्प्रे मुळाशी मारा, रात्रभर ठेवा. सकाळी थोडा सैल, पुन्हा थोडा घट्ट, असं पुढे-मागे करत बघा. आटा करकरला तर आणखी स्प्रे मारा. तरीही हलला नाही, किंवा हलला पण फिरवताना जड-जडच होत गेला, तर तिथेच थांबा, बाकीचे प्लग-कॉइल लावून गाडी गॅरेजला न्या आणि स्प्रे मारलाय हे त्यांना सांगा. प्लग आत मोडला तर हेड उतरवायची वेळ येऊ शकते.

प्रश्न : माझी डिझेल आहे. प्लग किती किलोमीटरने बदलू?

उत्तर : डिझेलला स्पार्क प्लग नसतोच. असतो तो ग्लो प्लग, थंड इंजिन सुरू करताना आतली हवा तापवायला, आणि तो ठरावीक किलोमीटरने नाही, बिघडला की बदलतात. त्याचं माप वेगळं, टॉर्क वेगळा आणि मोडायची भीती जास्त, ते काम घरी करू नका.