अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये पासिंग चालत नसेल तर आधी क्वार्टरबॅक (पास फेकणारा खेळाडू) बदलावा का?

लगेच नको. लुइझियाना स्टेट विद्यापीठाचा क्वार्टरबॅक जो बरो बघा. 2018 मध्ये 16 टचडाउन (थेट गुण मिळवून देणारे) पास, 2019 मध्ये तब्बल 60! पासची अचूकताही साधारण 58 टक्क्यांवरून 76 वर गेली. माणूस तोच, मांडणी बदलली. न्यू ऑर्लिन्स सेंट्स या व्यावसायिक संघाकडून आलेल्या प्रशिक्षक जो ब्रेडीने पाच-पाच जणांना पाससाठी पळवलं, अगदी एरवी चेंडू घेऊन धावणाऱ्या रनिंग बॅकलासुद्धा. मैदान रुंद झालं की बचाव विरळ होतो, मोकळा गडी लवकर दिसतो आणि चेंडू झटकन हातातून सुटतो. अर्थात जामार चेससारखा रिसीव्हर (पास झेलणारा) सगळ्यांच्या नशिबी नसतो म्हणा! पण क्वार्टरबॅकला वाचवणारी पुढची फळीच गळकी असेल, तर त्याला मान वर करायलाही वेळ मिळत नाही. मी तरी दुरुस्ती तिथूनच सुरू करेन.