सर्व्हरची खोली : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, नमस्कार. दारव्हा तालुक्यातल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात मी कम्प्युटरचं काम बघतो. एक्स-रे आणि सोनोग्राफीच्या सगळ्या इमेजेस पाच सर्व्हरच्या सेफ (Ceph) क्लस्टरवर आहेत, म्हणजे अनेक सर्व्हरच्या डिस्का जोडून एकच साठा करणाऱ्या सॉफ्टवेअरवर. क्लस्टर २०१६ साली ज्वेल आवृत्तीवर उभं राहिलं. आज ते पॅसिफिकवर, म्हणजे १६.२.५ वर आहे आणि सेफएडीएम या त्याच्या उभारणी-अपग्रेडच्या साधनाने चालतं. सगळ्यात जुन्या सर्व्हरच्या डिस्का लावल्या तशाच आहेत. क्लस्टरची स्थिती ठरवणारे मॉनिटर तीन, देखरेख करणारा मॅनेजर एकच. मला थेट १९ वर, स्क्विडवर जायचं आहे. विश्वस्त म्हणतात, चालतंय तर हात लावू नको. इथं लाइनचा भरवसा नाही आणि इंटरनेट एकाच केबलवर येतं. काय करावं?

उत्तर : भाऊ, हात लावावाच लागेल. पॅसिफिकची शेवटची आवृत्ती १६.२.१५ मार्च २०२४ मध्ये आली. त्यानंतर या शाखेत सुरक्षेची दुरुस्तीही येत नाही. विश्वस्तांना एवढंच सांगा: रोग्यांच्या इमेजेस ज्या सॉफ्टवेअरवर आहेत, ते दुरुस्त करणारं आता कोणी नाही.

पण थेट १९ वर जाता येत नाही. सेफमध्ये फार तर एक मोठी आवृत्ती ओलांडता येते. १६ वरून १८, मग १८ वरून १९. नावं इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने असतात आणि अक्षराची जागा हाच आवृत्तीचा आकडा असतो, म्हणून पॅसिफिकचं पी सोळावं, रीफचं आर अठरावं, स्क्विडचं एस एकोणिसावं. मोठ्या आवृत्तीवरून मागे फिरायची सोय नाही, हेही आत्ताच पक्कं समजून घ्या.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात काळजीची वाटलेली ओळ जुन्या सर्व्हरची आहे. २०१६ मध्ये नव्या डिस्कची मांडणी सहसा फाइलस्टोअर या जुन्या पद्धतीने व्हायची. ब्लूस्टोअर ही नेहमीची पद्धत झाली ती २०१७ च्या ल्युमिनसपासून. रीफमधून फाइलस्टोअर काढूनच टाकलं आहे. म्हणजे त्या डिस्का तशाच ठेवून १८ वर गेलात तर त्यांचे ओएसडी (एकेक डिस्क सांभाळणारे प्रोग्राम) उठणारच नाहीत. प्रत्येक ओएसडीच्या मेटाडेटामध्ये 'ऑब्जेक्टस्टोअर' अशी नोंद असते, ती आजच बघा. मॉनिटरचंही तसंच. ल्युमिनसच्या आधी उभारलेला मॉनिटर त्याचा डेटा लेव्हलडीबी या जुन्या डेटाबेसमध्ये ठेवत असेल आणि क्विन्सीपासून, म्हणजे १७ पासून, त्याला आधार नाही. मॉनिटरच्या फोल्डरमध्ये केव्ही-बॅकएंड नावाची छोटी फाइल आहे, ती उघडा. त्यात 'रॉक्सडीबी' लिहिलेलं हवं. नसेल तर तो मॉनिटर काढून त्याच सर्व्हरवर नवा उभा करा. नवा बाकीच्या दोघांकडून माहिती घेऊन कोरममध्ये, म्हणजे मॉनिटरच्या बहुमतात, आला की मगच दुसऱ्याकडे वळा.

डिस्का बदलण्याआधी १६.२.५ वरून १६.२.१५ वर या. १६.२.७ च्या आधीच्या पॅसिफिकमध्ये ओमॅपच्या (डेटासोबत ठेवलेल्या नोंदींच्या) रूपांतरात डेटा बिघडवणारी चूक होती. सुरू होताना आपोआप दुरुस्ती करणारी 'क्विक फिक्स ऑन माउंट' ही सेटिंग ट्रू असली, किंवा ब्लूस्टोअरच्या साधनाने हाताने दुरुस्ती चालवली, की ती उफाळायची. सेटिंग बंद आहे ना ते बघा आणि १६.२.५ वर असेतो दुरुस्तीच्या आज्ञा देऊ नका. १६.२.१५ वर आलात की आणखी एक फायदा: अपग्रेड टप्प्याटप्प्याने करता येतं, आधी फक्त मॅनेजर, मग मॉनिटर, मग एकेका सर्व्हरचे ओएसडी.

मग फाइलस्टोअरच्या डिस्का. एक ओएसडी 'आउट' करा, त्यावरचा डेटा बाकीच्यांवर जाऊ द्या, 'सेफ टू डिस्ट्रॉय' विचारा, होकार आला की ती पुसून ब्लूस्टोअरवर लावा. आणि थांबा. सगळे पीजी (सेफ डेटाचे जे गट करतं ते) 'अ‍ॅक्टिव्ह प्लस क्लीन' झाल्याशिवाय पुढच्या डिस्कला हात नाही. उपसा झाल्यावर विहिरीला झरा भरू देतात, तसंच हे. माझ्या मते अपग्रेड बिघडण्याचं मोठं कारण आज्ञा चुकणं नाही, घाई आहे. पहिला सर्व्हर अजून भरतोय तोवर माणूस दुसरा थांबवतो. तुमच्या पूलचा, म्हणजे साठ्याच्या विभागाचा, साइझ (एकूण प्रती) ३ आणि मिन-साइझ (काम चालायला लागणाऱ्या प्रती) २ असेल, तर एक सर्व्हर गेला तरी डॉक्टरांना इमेज दिसते. त्याच वेळी दुसरा गेला तर दोघांवर मिळून ज्या पीजीच्या दोन प्रती होत्या, तिथलं वाचन-लेखन थांबतं. आणि दारव्ह्यात तो दुसरा सर्व्हर तुम्ही थांबवायची गरजच नाही, डीपीवरचा फ्यूज उडाला की झालं.

म्हणून 'नोआउट' लावा. ओएसडी ६०० सेकंद गायब राहिला की सेफ त्याला बाहेर काढून डेटा हलवायला लागतं. नोआउट असलं की लाइन जाऊन आल्यावर विनाकारण टीबीच्या टीबी डेटा फिरत नाही. ओएसडी थांबवण्याआधी सेफएडीएम स्वतः विचारतं, हा थांबवला तर चालेल का. तरीही मी नोआउट लावतेच, ते आपल्या लाइनसाठी. काम झालं की काढायचं. पूलचं ऑटोस्केलिंगही (पीजींची संख्या आपोआप बदलणं) तेवढ्यापुरतं बंद ठेवा.

एका मॅनेजरवर अपग्रेड सुरूच होणार नाही. आधी दुसरा उभा करा.

इंटरनेटचं सांगते. सेफची कंटेनर इमेज (प्रोग्रामचं बांधलेलं पाकीट, एक्स-रेची इमेज नव्हे) क्वे डॉट आयओवरून येते आणि सेफएडीएमला ती प्रत्येक सर्व्हरवर लागते. मध्येच केबल तुटली तर अपग्रेड तिथंच अडून बसतं. रुग्णालयातल्याच एका मशीनवर छोटी रजिस्ट्री (अशा पाकिटांचं कोठार) उभारा, इमेज रात्री एकदा उतरवून घ्या आणि पाचही सर्व्हरना तिथून द्या. मग बाहेरचं इंटरनेट दिवसभर बंद पडलं तरी काम अडत नाही. अपग्रेड 'पॉज' करून 'रिझ्यूम' करता येतं, तेव्हा दुपारी ढग दाटून आले तर खुशाल पॉज करा.

दिवस कोणता? बाजाराचा दिवस नाही, त्या दिवशी ओपीडी ओसंडते. मे महिना नाही, पारा ४५ च्या वर असताना रिकव्हरीत (डेटा परत भरताना) डिस्का आधीच तापलेल्या असतात. आणि कपाशीवर फवारणी चालू असते ते ऑगस्ट ते ऑक्टोबरचे महिनेही नाहीत. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी, शेतमजूर दगावले. त्या दिवसांत रुग्णालयाची एकही यंत्रणा अर्धवट उघडून ठेवू नये, असं मला मनापासून वाटतं. डिसेंबर-जानेवारीतला ओपीडी बंद असलेला दिवस घ्या आणि सकाळी सुरू करा. रात्री करू नका. अडलात तर रात्री विचारायला कोणी जागं नसतं. युपीएसच्या बॅटऱ्या आधी प्रत्यक्ष लोड देऊन बघा, जनरेटरचं डिझेल भरून ठेवा.

रीफवर गेल्यावर एक फरक जाणवेल. क्विन्सीपासून एमक्लॉक हा नेहमीचा शेड्यूलर (कोणतं काम आधी ते ठरवणारा भाग) झाला. रिकव्हरी आवरायला तुम्ही 'मॅक्स बॅकफिल्स' (एका वेळी किती डेटा हलवायचा तो आकडा) कमी-जास्त करत असाल, तर तो आकडा आता आपोआप लागू होत नाही. ओपीडीच्या वेळात प्रोफाइल 'हाय क्लायंट ऑप्स' ठेवा, संध्याकाळी 'बॅलन्स्ड'.

रीफवर निदान काही आठवडे राहा. 'सेफ व्हर्जन्स' विचारल्यावर सगळीकडे १८ दिसलं, हेल्थ ओके आहे, एक्स-रेवाल्या ताईंची तक्रार नाही, मग १९.

आणि सुरुवात करण्याआधी इमेजेसची एक प्रत क्लस्टरच्या बाहेर, वेगळ्या डिस्कवर घ्या. तीन प्रती म्हणजे बॅकअप नाही. चुकून पुसलेली फाइल तिन्ही ठिकाणांहून जाते.

प्रश्न : मेहकरजवळ आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे. दोन सर्व्हर घेतले आहेत. त्यावर सेफ लावावं का?

उत्तर : नका लावू. मॉनिटरना बहुमत लागतं. दोनांतला एक गेला की उरलेल्या एकाचं बहुमत होत नाही आणि सगळंच थांबतं. तुमच्या सात-बारा, पावत्या आणि हिशेबाला एका सर्व्हरवर झेडएफएस या फाइल सिस्टिमचा मिरर (दोन डिस्कांवर सारखीच प्रत) पुरेसा आहे. दुसरा सर्व्हर दुसऱ्या इमारतीत ठेवा आणि रोज रात्री त्यावर स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या डेटाची प्रत) पाठवा. महिन्यातून एकदा त्यातली एखादी फाइल परत काढून, उघडून बघा.